डॉक्टरांचे सेनापती झालेले लिओनार्ड वुड

आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतून आज मुले-मुली वैद्यकाचा अभ्यास करीत आहेत, आणि त्यांतील काहींस सैन्याची ओढ आहे. सैन्यात डॉक्टर म्हणून जाण्यास वडीलधारी माणसे बहुधा संमती देतात. परंतु एखाद्याने रुग्णसेवेऐवजी लढाऊ अधिकाऱ्याचे काम पत्करण्याची इच्छा दर्शविली की घरात चिंता उत्पन्न होते. इतक्या वर्षांची विद्या वाया जाणार काय, असे पालक विचारतात. शिक्षकी पेशात असताना आम्हांसही हा प्रश्न अनेकदा विचारला गेला. त्याचा विचार करण्यास अमेरिकेचे सेनापती लिओनार्ड वुड यांच्या चरित्राइतके उपयुक्त दुसरे चरित्र आमच्या पाहण्यात नाही. म्हणून ते येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

वुड यांचा जन्म दि. 9 ऑक्टोबर 1860 रोजी न्यू हॅम्पशायर प्रांतातील विंचेस्टर या गावी झाला. वडील डॉक्टर होते. बालपण समुद्रकाठच्या पोकॅसेट या खेड्यात गेले. 1880 साली वडील वारले. घरची स्थिती बेताची असूनही वुड यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळविला व 1884 साली पदवी संपादन केली. पुढे बोस्टनच्या रुग्णालयात उमेदवारी करीत असता वरिष्ठांच्या गैरहजेरीत नियम मोडून शस्त्रक्रिया केल्याबद्दल त्यांस तेथून काढून टाकण्यात आले. हात कुशल, परंतु स्वभाव उतावळा व स्वतःच्या निर्णयावर विसंबणारा, हे त्यांचे लक्षण तेव्हाच प्रकट झाले. हाच स्वभाव पुढे त्यांच्या उत्कर्षास कारण झाला आणि त्यांच्या नावास डागही त्यानेच लावला.

बोस्टनमध्ये स्वतंत्र व्यवसायाचा जम बसेना, तेव्हा 1885 साली ते सैन्याचे कंत्राटी डॉक्टर म्हणून अॅरिझोनाच्या वैराण प्रदेशात गेले. पुढील वर्षाच्या आरंभी त्यांस सहायक शल्यवैद्याची नेमणूक मिळाली. त्या वेळी अपाची जमातीचा नायक जेरोनिमो याचा पाठलाग चालू होता. त्याच्याबरोबर चाळिसांच्या आतच माणसे उरली होती, आणि त्यांच्या मागे अमेरिकेचे सुमारे 5000 सैनिक होते. मेक्सिकोच्या डोंगरांतील त्या भयंकर उन्हाळ्यात एका पायदळ तुकडीस अधिकारीच उरला नाही. वुड यांनी आपण होऊन तिचे आधिपत्य मागून घेतले व कित्येक आठवडे ते चालविले. शत्रूच्या मुलखातून महत्त्वाचे खलिते पोहोचविण्यासाठी त्यांनी एका रात्रीत 70 मैल प्रवास केला व दुसऱ्या दिवशी आणखी 30 मैल पायी चालून गेले. या कामगिरीबद्दल 1898 साली त्यांस मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. डॉक्टरांच्या अंगी असलेला सेनानायक प्रथम दिसला तो या मोहिमेत.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. 1864 च्या जिनीव्हा करारापासून युद्धात डॉक्टरांस विशेष संरक्षण आहे. शत्रूने त्यांच्यावर शस्त्र चालवू नये, आणि डॉक्टरांनी लढाईत भाग घेऊ नये, असा हा परस्परांचा नियम आहे. लढाऊ तुकडीचे आधिपत्य पत्करणारा डॉक्टर हे कवच उतरवून ठेवतो. तेव्हा हा बदल केवळ नोकरीचा नसून धर्माचाच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1895 पासून वुड वॉशिंग्टन येथे होते. क्लीव्हलंड व मॅकिन्ले या दोन राष्ट्राध्यक्षांची प्रकृती पाहण्याचे काम त्यांजकडे होते. तेथेच थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी त्यांचा दृढ स्नेह जडला. 1898 साली स्पेनशी युद्ध सुरू होताच स्वयंसेवक घोडदळाचे कर्नलपद रूझवेल्ट यांस देऊ करण्यात आले. परंतु आपणांस लष्करी अनुभव नाही हे जाणून त्यांनी ते वुड यांस देण्याची विनंती केली व स्वतः त्यांच्या हाताखाली दुय्यम पद स्वीकारले. अशा रीतीने कालपर्यंत नाडी पाहणारा कॅप्टन एका पलटणीचा प्रमुख झाला. क्यूबातील लास ग्वासिमासच्या चकमकीत वुड यांनी पलटण चालविली, आणि पुढील लढाईत एक संपूर्ण ब्रिगेड त्यांच्या हाती आली.

सांतियागो शहर पडल्यावर त्याचा कारभार वुड यांस मिळाला. उपासमार, घाण व रोगराई यांनी शहर ग्रासले होते. वुड यांनी रस्ते झाडून घेतले, प्रेतांची विल्हेवाट लावली, अन्न वाटले. 1899 च्या अखेरीस ते सर्व क्यूबाचे लष्करी गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकीर्दीत पीतज्वराचे कोडे सुटले. हवाना शहर स्वच्छ केले तरी 1900 साली पीतज्वर वाढतच गेला. म्हणजे दोष केवळ घाणीचा नव्हता. हा रोग डासामुळे पसरतो असे क्यूबाचे डॉ. कार्लोस फिनले यांनी 1881 सालीच मांडले होते, परंतु कोणी मनावर घेतले नव्हते. डॉ. वॉल्टर रीड यांच्या मंडळाने स्वयंसेवकांवर प्रयोग करून ते सिद्ध केले. या मंडळातील डॉ. लेझिअर यांनी तर या कार्यात आपले प्राण वेचले. प्रयोगांस लागणारा पैसा व परवानगी वुड यांनी दिली. माणसांवर असे प्रयोग करू देणे ही केवढी जबाबदारी होती! गव्हर्नर स्वतः डॉक्टर असल्यामुळेच त्यांस तिचे मोल व जोखीम दोन्ही समजली. पुढे डॉ. गॉर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम काढली आणि 1901 साल संपण्यापूर्वी हवानातून पीतज्वर नाहीसा झाला.

आम्हां शिक्षकांस आनंद देणारी गोष्ट अशी की, याच काळात क्यूबात शाळांची मोठी वाढ झाली, आणि 1900 च्या उन्हाळ्यात सुमारे 1300 क्यूबन शिक्षक-शिक्षिका शिक्षणासाठी हार्वर्डला गेल्या. दि. 20 मे 1902 रोजी वुड यांनी कारभार क्यूबाच्या लोकनियुक्त सरकारकडे सोपविला.

येथेच चरित्र संपविता आले असते तर फार बरे झाले असते. परंतु चरित्रकाराने एकच बाजू सांगू नये. 1903 साली वुड फिलिपाइन्समधील मोरो प्रांताचे गव्हर्नर झाले. 1906 च्या मार्च महिन्यात अमेरिकन अंमलास न जुमानणारे शेकडो मोरो होलो बेटावरील बड दाहो या मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर जमले होते. वुड यांच्या आज्ञेने सैन्याने तेथे हल्ला केला. सहाशेहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यांत स्त्रिया व लहान मुलेही होती. अमेरिकेतही या कृत्याची कडक निंदा झाली. ज्या हातांनी हवानातील हजारोंचे प्राण वाचविण्यास साह्य केले, त्याच हातांनी ही आज्ञा दिली. वैद्यकाची पदवी माणसास आपोआप दयाळू करीत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

1910 साली वुड अमेरिकेच्या सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ झाले. डॉक्टर म्हणून सैन्यात शिरून या पदावर पोहोचलेले ते एकटेच. त्यांच्या झटपट बढत्यांबद्दल जुन्या लष्करी अधिकाऱ्यांस मत्सर वाटे. परंतु त्यांचे मोठे भांडण झाले ते अॅडज्युटंट जनरल एन्सवर्थ यांच्याशी, आणि आश्चर्य असे की एन्सवर्थ हेही मूळचे डॉक्टरच! सैनिकांच्या नोंदी कार्डांवर लावण्याची पद्धत बसवून ते कचेरीच्या कामात वर चढले होते. 1912 साली एन्सवर्थ यांस निवृत्त व्हावे लागले. वैद्यक सोडून अधिकारी होण्याची वाट रणांगणातून जाते तशी कचेरीतूनही जाते, हे या दोघांनी दाखविले.

पहिल्या महायुद्धापूर्वी नागरिकांस लष्करी शिक्षण देण्यासाठी वुड यांनी प्लॅट्सबर्ग येथील शिबिरांचा पुरस्कार केला. परंतु सरकारवर उघड टीका केल्यामुळे वरिष्ठांची मर्जी गेली होती. 1918 साली स्वतः तयार केलेली 89 वी डिव्हिजन फ्रान्सला निघाली आणि त्यांस मात्र मागे ठेवण्यात आले. 1920 साली राष्ट्राध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारीही पहिल्या फेरीत आघाडी असताना हुकली. 1921 ते 1927 ते फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल होते. तेथील लोकनेत्यांशी त्यांचे पटले नाही. तथापि कुलियन बेटावरील कुष्ठरोग्यांच्या उपचारांसाठी त्यांनी फार खटपट केली. उतारवयात डॉक्टर पुन्हा जागा झाला, असेच म्हणावे लागेल.

त्यांच्या मेंदूत गाठ होती. 1910 साली डॉ. हार्वे कुशिंग यांनी ती काढल्यावर ते डावा पाय ओढीत का होईना, पण सतरा वर्षे काम करीत राहिले. गाठ पुन्हा वाढली, आणि दि. 7 ऑगस्ट 1927 रोजी बोस्टन येथे कुशिंग यांच्याच शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अंत झाला.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. वुड यांच्या काळचे नियम सैल होते. आज आपल्याकडे सैन्याच्या वैद्यकीय विभागातील अधिकाऱ्यास लढाऊ पलटणीचे आधिपत्य मिळत नाही. लढाऊ अधिकारी व्हावयाचे तर त्याची वाट वेगळी असून तीस वयाची मर्यादाही आहे. म्हणून निर्णय लवकर व विचारपूर्वक करावा. विद्या वाया जाईल ही भीती मात्र आम्हांस फारशी खरी वाटत नाही. वुड यांची विद्या वाया गेली नाही. हवानात ती रुग्णशय्येपेक्षाही अधिक उपयोगी पडली. खरा प्रश्न निराळा आहे. शेकडो माणसांच्या जीविताचा अधिकार हाती आल्यावर आपला मुलगा किंवा मुलगी हवानाची आठवण ठेवील, की बड दाहोची वाट धरील? याचे उत्तर महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रात सापडत नाही. ते घरच्या वळणात शोधावे लागते, आणि ते वळण लावणे हे आपणा सर्वांचे काम आहे.