बाबासाहेब आणि वेळेचे मोल

विहाराचा वर्धापन दिन साजरा करताना आम्ही पंचशील म्हणतो. पाचव्या शीलात 'पमाद' हा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा. दारूने तो येतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण 'बघू उद्या' म्हणत दिवस घालवणे हाही पमादच. तथागतांनी अखेरच्या वेळी भिक्खूंना अप्रमादाचाच उपदेश केला. तो अंगी बाणवून दाखविणारे महामानव म्हणजे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब. दिवसा गलका, अभ्यासाला जागा नाही. तेव्हा सुभेदार रामजीबाबा पहाटे दोन वाजता भीमाला उठवीत आणि दिव्याच्या उजेडात तो वाचत बसे. याच रीतीने १९०७ साली ते मॅट्रिक झाले. जागा नव्हती म्हणून अभ्यास अडला नाही, वेळ शोधून काढली!

१९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला गेले, पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली होती. सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांची नोकरी लागली. दुसरा कोणी तिथेच रमला असता. बाबासाहेबांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले आणि मुदत उलटण्याआधी, १९२० साली पुन्हा लंडन गाठले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडताना आत जायचे, बंद होताना बाहेर पडायचे, अर्धपोटी राहून रात्री पुन्हा वाचायचे. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी.!

पुढे २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची जबाबदारी आली. मधुमेहाने शरीर पोखरलेले, समितीतले काही सभासद कामाला हजर नाहीत. तरी २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा सादर झाला.

आता कोणी विचारील, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, मग दीक्षेला २१ वर्षे का लावली? बंधू-भगिनींनो, इथेच खरे शिकण्यासारखे आहे. चालढकल करणारा माणूस काम टाकून देतो. बाबासाहेबांनी ते काम एक दिवसही टाकले नाही. धर्माधर्मांचा अभ्यास केला, सिलोन आणि ब्रह्मदेशात जाऊन बौद्ध समाज पाहिला, धम्मावर ग्रंथ लिहायला घेतला. करोडो माणसांचे पाऊल चुकू नये यासाठी ती तयारी होती. तयारी झाली तेव्हा मात्र थांबले नाहीत. तब्येत पार ढासळली होती, तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांना दीक्षा दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बरे वाटल्यावर बघू, असे म्हणून दोन महिने थांबले असते, तर बाबांच्या हातून दीक्षा मिळाली असती काय?

५ डिसेंबरच्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागवून घेतले होते. ग्रंथ छापून आला १९५७ साली. बाकी कितीतरी लिखाण अपुरे राहिले. एक क्षण वाया न घालवणाऱ्यालाही आयुष्य पुरले नाही, मग आमच्या-तुमच्याकडे उधळायला वेळ आहे कुठे?

आम्ही गिरणी कामगार. भोंगा कोणासाठी थांबत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. पोशीरहून नेरळ गाठून लोकल धरणारालाही ते कळते. मालकाच्या कामाला आपण मिनिट चुकवत नाही; मग मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेवर का ढकलतो? विहारातली वंदना ठरल्या वेळेला का सुरू होत नाही? मुलांनी रोज एक तास ठरवावा, त्या तासाला टीव्ही नाही, मोबाईल नाही, फक्त पुस्तक. मोठ्यांनी शेजारी बसावे, रामजीबाबांसारखे. बाबांच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. ठरवलेले काम आजच हातात घेणे, हे खरे अभिवादन!

जय भीम! नमो बुद्धाय!