कै. डेव्हिड अब्राहम चेऊलकर

पडद्यावर नुसते 'डेव्हिड' एवढेच नाव येई. पण चेऊलकर म्हटले की आपल्या वाचकांना कोकणातले चौल आठवणारच. कायद्याची पदवी घेऊन ते बोलपटांत शिरले. बांधा ठेंगणा, डोक्यावर केस नाहीत. नायकाचे काम मिळणे शक्यच नव्हते. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मध्ये त्यांनी जॉन चाचा रंगविला. हा चाचा स्वतः चोरटी दारू विकतो, परंतु पोरक्या बहीणभावांना भीक सोडून कष्टाने पोट भरायला शिकवितो. या कामाबद्दल त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६९ साली ते पद्मश्री झाले. १९७९ च्या 'गोलमाल'मध्येही मामाच्या भूमिकेत ते तितकेच ताजे दिसले. नायक बदलत गेले, हे काका-मामा मात्र टिकले. काम लहान असले तरी ते मन लावूनच करावे, हा धडा मुलांना जरूर सांगावा.