संगणकाला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाते, विजेचे देयक, परीक्षेचा निकाल अशा अनेक कामांसाठी आज आपण संगणकावर अवलंबून असतो. खिडकीपलीकडील कर्मचारी कळफलकावर काही शब्द व अंक टंकित करतो आणि क्षणार्धात पडद्यावर उत्तर उमटते. त्यासाठी त्याला गणितज्ञ असावे लागत नाही. प्रारंभी मात्र अशी स्थिती नव्हती. संगणकाकडून काम करून घ्यायचे, तर आज्ञा अंकांच्या किचकट लिपीत द्याव्या लागत आणि ती लिपी मूठभर तज्ज्ञांनाच अवगत होती. यंत्रानेच माणसाच्या शब्दांतील आज्ञा समजून घ्याव्यात, हा विचार ज्यांनी चिकाटीने प्रत्यक्षात आणला, त्या ग्रेस हॉपर यांचा परिचय या पाठात आपण करून घेणार आहोत.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. वस्तूंच्या अंतरंगात डोकावण्याची त्यांना बालपणापासून आवड होती. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. सुटे भाग पुन्हा जुळेनात, म्हणून दुसरे उघडले. अशी सात घड्याळे खोलून झाल्यावर आईच्या ते लक्षात आले. आईने त्यांना शिक्षा केली नाही. खोलण्यासाठी एकच घड्याळ त्यांच्या वाट्याला ठेवले. मुलींनीही मुलाच्या बरोबरीने शिकावे, असा वडिलांचा आग्रह होता. ग्रेस यांनी १९२८ मध्ये व्हॅसार महाविद्यालयातून पदवी आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितातील डॉक्टरेट मिळवली. व्हॅसारमध्येच त्या गणित शिकवू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा त्यांनी नौदलात जाण्याचे ठरवले. परंतु त्यांचे वय अधिक होते आणि वजन नियमापेक्षा कमी. तरीही त्यांनी प्रयत्न सोडला नाही. विशेष सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. आपल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींबरोबर प्राध्यापिका पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि प्रशिक्षणात पहिली आली.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या यंत्रावर झाली. सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असे ते अवाढव्य गणकयंत्र सेकंदाला तीन बेरजा करी. त्याला द्यायच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहिल्या जात. एखादे छिद्र चुकले की सारे गणित चुके. या यंत्राचा वापर इतरांनाही करता यावा, म्हणून प्रमुख हॉवर्ड एकेन यांच्या सांगण्यावरून हॉपर यांनी पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका सिद्ध केली.

तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पूर्वी तपासून खात्री करून घेतलेल्या आज्ञांचे तुकडे पुन्हा पुन्हा उपयोगी पडत. सहकारी ते एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. पण उतरवताना अक्षर चुके, अंकांची बेरीज चुके. तेच ते काम अचूकपणे करण्यात माणूस कमी पडतो आणि यंत्र तर त्यासाठीच आहे. मग हे जुळवाजुळवीचे कामही यंत्रावरच का सोपवू नये? या प्रश्नाने त्यांच्या पुढील कार्याची दिशा ठरली.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील एका संगणक कंपनीत गेल्या. १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झिरो’ ही आज्ञावली तयार केली. तपासलेल्या तुकड्यांचे केवळ क्रमांक दिले की ते तुकडे शोधून, योग्य जागी जोडून, संगणक स्वतःच संपूर्ण आज्ञावली तयार करी. अशा साधनाला ‘कंपायलर’ हे नाव मिळाले. संगणक केवळ आकडेमोड करतो, तो आज्ञावली लिहू शकत नाही, अशी त्या काळातील अनेकांची समजूत होती. म्हणून चालू स्थितीतील साधन समोर असूनही त्याचा स्वीकार होण्यास वेळ लागला.

व्यापारी व कचेऱ्यांतील लोकांना चिन्हांची भीती वाटते, त्यांना शब्दच जवळचे वाटतात, हे हॉपर यांनी ओळखले होते. १९५५ मध्ये त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहिलेल्या आज्ञा संगणकाकडून पाळून दाखवल्या. शब्द यंत्राच्या दृष्टीने केवळ खुणा असतात, हे पटवण्यासाठी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही दिल्या. पण झाले भलतेच! अमेरिकेतील यंत्राला परकीय भाषा समजावी, या कल्पनेनेच वरिष्ठ बिचकले. हॉपर यांना केवळ इंग्रजीचा आग्रह धरावा लागला. त्यातूनच ‘फ्लो-मॅटिक’ ही संगणकभाषा विकसित झाली.

प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी असल्याने यंत्र बदलले की सर्व आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये अनेक तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘कोबोल’ ही सामाईक भाषा घडवली. तिला ‘फ्लो-मॅटिक’चा मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली.

१९६६ च्या अखेरीस हॉपर नौदलातून निवृत्त झाल्या. परंतु काही महिन्यांतच त्यांना परत बोलावण्यात आले. कोबोलची अनेक रूपे झाल्याने नौदलात गोंधळ माजला होता. हॉपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी-आज्ञावल्या तयार केल्या. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असे छोटे काम कंपायलरला द्यायचे आणि आलेले उत्तर ताडून पाहायचे, ही त्यामागील रीत. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा हा मार्ग पुढे शासकीय पातळीवरही स्वीकारला गेला.

सहा महिन्यांसाठी आलेले हे बोलावणे जवळजवळ दोन दशकांच्या सेवेचे निमित्त ठरले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल या पदावरून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

व्याख्यानात त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात विजेचा संदेश जास्तीत जास्त किती अंतर कापतो, हे त्यातून डोळ्यांना दिसे. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे मात्र उलट दिशेने फिरत. ते पाहून येणारा क्षणभर गोंधळे. मग त्याच्या लक्षात येई की घड्याळ वेळ अगदी अचूक दाखवत आहे. आजवर असेच चालत आले, एवढ्याच कारणासाठी कोणतीही रीत योग्य ठरत नाही, हे सांगण्यासाठी त्यांना वेगळ्या शब्दांची गरज भासत नसे.