बाळू पालवणकर : चेंडूने मिळवलेला मान

हिंदुस्थानच्या पहिल्या थोर फिरकी गोलंदाजाचा जन्म आपल्याच कर्नाटकात, धारवाड येथे १८७६ साली एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्याने बाळू पालवणकरांचे बालपण पुण्यात गेले. तेथील पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम त्यांना मिळाले. वेतन दरमहा ३ रुपये. पुढे १८९२ मध्ये पूना क्लबात ते ४ रुपयांवर रुजू झाले. रूळ फिरवता फिरवता ते ग्रेगसाहेबांसारख्या निष्णात फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले आणि त्यांची डावखुरी फिरकी तेथेच घडली.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू निःसंकोच हाती घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याचे ते आधारस्तंभ झाले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी नमविले, त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघात बंगळूरचे जयराम होते, तसेच बाळूंचे बंधू शिवरामही होते. संघाला बहुतेक सामन्यांत पराभव पत्करावा लागला. परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळविले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. परक्या भूमीवर त्यांची पारख केवळ चेंडूवरून झाली.

मायदेशी हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच लाभले नाही. त्यासाठी झगडावे लागले, तेव्हा कुठे १९२३ साली तो मान धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध ते उभे राहिले व पराभूत झाले; तथापि तरुणपणी बाबासाहेबांना ज्यांचा अभिमान वाटे, त्यांत बाळूंची गणना होती.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या खेळपट्टीवर त्यांनी झाडू मारला, त्याच खेळपट्टीवर त्यांनी आपले स्थान निर्माण केले. गुणाला दार उघडावेच लागते. पण ते उघडण्यास समाजाने किती विलंब लावला, याचाही हिशेब त्यांचे चरित्र आपल्यापुढे मांडते.