गॅरेट मॉर्गन

वडनेरहून हिंगणघाटमार्गे नागपूरला गेलात, की चौकाचौकांत सिग्नलचे दिवे दिसतात. ते विजेवर चालतात. मग वीज गेली तर? दिवे विझतात, चारही बाजूंची वाहने एकदम पुढे सरकतात आणि कोंडी होते. विजेवाचून चालणारा सिग्नल मात्र एका माणसाने बनवला होता. त्यांचे नाव गॅरेट मॉर्गन.

मॉर्गन यांचा जन्म ४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. आईवडिलांनी गुलामगिरी भोगली होती. शिक्षण लवकर सुटले. १८९५ मध्ये ते क्लीव्हलँड शहरात आले व शिवणयंत्रे दुरुस्त करू लागले.

धुरात श्वास घेता यावा म्हणून त्यांनी डोक्यावर घालायचा एक टोप तयार केला. त्याची नळी खाली जमिनीजवळ पोहोचे. कारण धूर वर चढतो, खाली हवा बरी असते. पण काळ्या माणसाने बनवलेली वस्तू कोण घेणार? म्हणून विक्रीच्या वेळी ते एका गोऱ्या नटाला संशोधक म्हणून उभे करत! जुलै १९१६ मध्ये तेथील सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला. मॉर्गन आपल्या भावाबरोबर टोप घालून आत उतरले आणि त्यांनी माणसांना बाहेर काढले. मानाची पदके मात्र इतरांना मिळाली.

त्या काळी रस्त्यावर घोडागाड्या आणि मोटारी एकत्र धावत. क्लीव्हलँडमध्ये १९१४ पासून विजेचा सिग्नल होता, पण त्यात लाल व हिरवा हे दोनच दिवे होते. मॉर्गन यांच्या सिग्नलला खांब, आडवे हात आणि ते फिरवायला एक दांडा होता. पोलीस दांडा फिरवी. एका बाजूला सोडण्यापूर्वी सगळ्या बाजू क्षणभर थांबवण्याची सोय त्यात होती. रात्री गर्दी नसली, की हात अर्ध्यावर ठेवायचे. म्हणजे जपून जा. २० नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांना याचे पेटंट मिळाले. पिवळा दिवा त्यांनीच शोधला असे कुठे कुठे वाचायला मिळते, ते खरे नाही. तो त्याआधीच डेट्रॉइट शहरात लागला होता.

उतारवयात मॉर्गन यांची दृष्टी जवळजवळ गेली. २७ जुलै १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

आता काही शहरांत सिग्नलला सौर पट्ट्या व बॅटरी जोडतात. नव्या दिव्यांना वीज थोडी लागते, म्हणून बॅटरी बराच वेळ पुरते. तीही संपली, की पोलीस चौकात उभा राहतो. त्याच्या हातांच्या खुणा नीट पाहा. सर्व बाजूंची वाहने एकदम थांबवण्याचीही एक खूण त्यांत आहे.