पहिल्या क्रमांकाचा परवाना

वऱ्हाडात शंकरपट भरतो, तेव्हा बैलांची जोडी कशी धावली हे हजारो डोळे पाहत असतात. घड्याळ धरणारा मनुष्य तेथे उभाच असतो, आणि निकालाविषयी कोणास शंका आली तर ती जागच्या जागी मिटते. आकाशातील शर्यतीचे तसे नाही. विमान एकदा ढगांआड गेले म्हणजे ते किती उंच चढले, वाटेत कोठे उतरले, हे वैमानिकावाचून कोण जाणणार? आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर विक्रम कसा मानावा?

हा प्रश्न सोडविण्यासाठी १४ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिस येथे अनेक देशांच्या विमान-मंडळांनी एक आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. विक्रमांचे नियम ठरविणे, ते तपासणे आणि त्यांची नोंद ठेवणे हे त्याचे काम. पुढच्याच वर्षी सांतोस द्युमाँ या ब्राझिलच्या वैमानिकाने पॅरिसमध्ये २२० मीटरांचे उड्डाण केले व त्याची नोंद महासंघाच्या दप्तरी झाली. आज २२० मीटर म्हणजे काहीच नव्हे. पण ते मोजणारे पंच तेथे हजर होते. उंचीच्या विक्रमासाठी तर मोठी युक्ती योजण्यात आली. विमानात एक लहानसे यंत्र ठेवीत. हवेचा दाब कमी होईल तसतशी त्यातील सुई फिरत्या कागदावर रेघ ओढी. उड्डाणापूर्वी पंच त्या यंत्रास मोहोर लावीत व विमान उतरल्यावर तेच ती फोडीत.

या महासंघाच्या वतीने निरनिराळ्या देशांतील मंडळे वैमानिकांस परवाने देत. हिंदुस्थानात दिलेल्या अशा परवान्यांपैकी पहिल्या क्रमांकाचा परवाना ज्यांस मिळाला, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरी झाला. वडील रतनजी हे जमशेटजी टाटांचे नातलग. वऱ्हाडचा कापूस जवळ म्हणून ज्या जमशेटजींनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेच हे जमशेटजी. जहांगीर यांची आई सुझान ही फ्रेंच होती. सुटीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्देलो या गावी जाई. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर त्याच गावी होते. वाळूवर विमाने उतरत आणि हा मुलगा ती तासन्‌तास पाहत राही. पंधराव्या वर्षी त्यास तेथेच विमानात बसावयास मिळाले. आपणही विमान चालवावयाचे, हे त्याच दिवशी त्याच्या मनाने घेतले.

परंतु त्यासाठी आणखी जवळजवळ दहा वर्षे थांबावे लागले. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हा जहांगीर लगोलग शिकावयास गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस तो परवाना मिळाला. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

त्या वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. हिंदी मनुष्याने, एकट्याने, एका महिन्याच्या आत, इंग्लंड ते हिंदुस्थान अथवा हिंदुस्थान ते इंग्लंड असा विमानप्रवास करावयाचा होता. तिघे पुढे आले. मनमोहन सिंग आणि आस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून इकडे निघाले. आस्पी तर अवघे सतरा वर्षांचे होते. जहांगीर यांनी उलट दिशा धरली व ३ मे १९३० रोजी कराचीहून उड्डाण केले.

त्यांचे विमान ‘जिप्सी मॉथ’ जातीचे होते. वैमानिकाची जागा उघडी. वारा तोंडावर येई. बिनतारी यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारा किनारा एवढाच आधार. अकोल्याहून अमरावती सुमारे १०० किलोमीटर आहे. तेवढे अंतर कापावयास या विमानास पाऊण तास लागला असता. जावयाचे होते सुमारे ८,००० किलोमीटर! वाटेत वाळवंट होते, समुद्र होता.

मजल दरमजल करीत जहांगीर इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथील विमानतळावर उतरले. पाहतात तो तेथे आस्पींचे विमान उभे! इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग निकामी झाल्यामुळे आस्पी खोळंबून बसले होते. जहांगीर यांच्यापाशी सुटे प्लग होते. ते त्यांनी प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. स्पर्धेच्या नियमांत असे काही लिहिलेले नव्हते. न देता पुढे निघून जाते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. कदाचित कोणास ते कळलेही नसते. प्लग बसवून आस्पी पूर्वेस गेले, जहांगीर पश्चिमेस.

निकाल लागला तो चटका लावणारा होता. आस्पी ११ मे रोजी कराचीस पोहोचले. जहांगीर लंडनजवळील क्रॉयडन येथे उतरले, तेव्हा त्यांस काही तासांचा उशीर झाला होता. मनमोहन सिंग यांनीही प्रवास तडीस नेला. पण वाटेत मध्येच उतरावे लागल्याने महिन्याची मुदत टळून गेली होती. एवढे साहस करूनही नियमापुढे त्यांचे चालले नाही, याचे वाईट वाटते; पण मुदत एकासाठी वाढविली असती, तर ती इतरांसाठी कशी उरली असती? बक्षीस आस्पींस मिळाले. त्या यशामुळे आस्पींस हवाई दलात शिरणे सोपे झाले, म्हणून आपण हरलो याचा आपणांस आनंदच आहे, असे जहांगीर पुढे सांगत. हेच आस्पी १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हरलेल्या वैमानिकाने मग दुसरे काम हाती घेतले. त्या काळी कापसाचे भाव वऱ्हाडात तारेने कळत. पण सहीशिक्क्याचे कागद विलायतेहून यावयास आठवडे लागत. इंग्लंडचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येऊ लागले होते, पुढे मात्र आगगाडी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले व अहमदाबादेवरून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. टपालाचे वजन सुमारे २५ किलो होते. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते मद्रासकडे नेले. मुंबईस उतरलेले पत्र आता आगगाडीने अकोल्यास अगर बडनेऱ्यास पूर्वीहून लवकर पोहोचू शकत होते. या लहानशा टपालसेवेतूनच पुढे ‘एअर इंडिया’ उभी राहिली. १९४८ च्या जून महिन्यात तिचे विमान मुंबईहून लंडनास गेले, तेव्हा जहांगीर प्रवासी म्हणून त्यात बसले होते. १९५३ साली सरकारने ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली. ते जहांगीर यांस रुचले नाही, तरी १९७८ पर्यंत त्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले.

टपालाच्या त्या पहिल्या उड्डाणास १९८२ साली पन्नास वर्षे झाली. तेव्हा ७८ वर्षांचे जहांगीर जुन्या धाटणीच्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानात बसले आणि कराचीहून मुंबईपर्यंत ते त्यांनी स्वतः चालवीत आणले. १९८५ साली त्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांस आपले सुवर्णपदक दिले. १९९२ साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले व जेथे त्यांचा जन्म झाला होता, त्या पॅरिस शहरी त्यांचे दफन करण्यात आले.