फळीने जीव वाचविणारा लाटांचा स्वामी : ड्यूक कहानामोकू

१४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे बंदरात शिरू पाहणारी ‘थेल्मा’ ही मासेमारी नौका उंच लाटांच्या तडाख्यात उलटली. किनाऱ्यावर असलेले ड्यूक कहानामोकू आपला सर्फबोर्ड घेऊन तत्काळ पाण्यात झेपावले. नौका आणि किनारा यांच्या दरम्यान पुनःपुन्हा खेपा करून त्यांनी ८ जणांना वाचविले. अन्य दोघा सर्फरांनी ४ जणांना बाहेर काढले. ५ जणांपर्यंत मात्र मदत वेळेत पोहोचू शकली नाही.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. वाइकीकीच्या किनाऱ्यावर लहानाचे मोठे झालेल्या या मूळ हवाईयन जलतरणपटूने १९१२ च्या स्टॉकहोम आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीचे सुवर्णपदक पटकावले. १९१४ च्या अखेरीस सिडनीजवळील फ्रेशवॉटर येथे लाकडाची फळी घडवून त्यांनी केलेली प्रात्यक्षिके ऑस्ट्रेलियात सर्फिंग रुजविणारी ठरली.

वाइकीकीतील त्यांचा आवडता सर्फबोर्ड कोआ लाकडाचा, १६ फूट लांब आणि सुमारे ५२ किलो वजनाचा होता. फळी पायाला बांधण्याची दोरी त्या काळी प्रचारात नव्हती. हातून सुटलेली एवढी अवजड फळी लाटेबरोबर धावत आली, तर समोरच्याच्या जिवावरच बेतायचे. आज दोरी आहे, तरीही मागे कोण आहे हे पाहिल्यावाचून फळी सोडायची नाही, हा दंडक कायम आहे. लाट जेथे फुटते, त्याच्या सर्वांत जवळ असलेल्याचा तिच्यावर पहिला हक्क. इतरांनी त्याच्या वाटेत घुसायचे नाही. आत जाणाऱ्याने लाटेवरून येणाऱ्याचा मार्ग मोकळा ठेवायचा. आणि आपल्या कुवतीपलीकडच्या पाण्यात मुळात उतरायचेच नाही.

बुडणारा माणूस भयाने वाचविणाऱ्यालाच घट्ट मिठी मारतो आणि दोघेही तळाशी जातात, हे किनारपट्टीच्या लोकांना नवे नाही. सर्फबोर्डामुळे त्याला धरायला तरंगता आधार मिळतो आणि वाचविणाराही सुरक्षित राहतो. १९२५ च्या त्या घटनेने हे ठसठशीतपणे दाखवून दिले. पुढे जीवरक्षकांच्या साधनांत सर्फबोर्डाने हक्काचे स्थान मिळविले.

ड्यूक यांनी होनोलुलूचे शेरीफपद प्रदीर्घ काळ भूषविले. २२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वाइकीकीच्या समुद्रातच विसर्जित करण्यात आल्या. १९९० मध्ये तेथे त्यांचा कांस्यपुतळा उभारण्यात आला. पुतळ्याची पाठ समुद्राकडे असल्याने अनेकांनी नाराजी व्यक्त केली. समुद्राकडे पाठ फिरवायची नाही, हा सर्फरांचा पहिला धडा. आणि ड्यूक यांनी तो आयुष्यभर पाळला होता.